पाटावरून उठलेला जावई

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मामींनी, माझ्या पानात पहिला धोंडा वाढला, त्यावर तुपाची धार धरली, आणि नेमक्या त्या घटकेला मी पाटावरून उठलो.

ज्यांनी आमच्या सोलापूरकडचा धोंड्याचा महिना पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. अधिक महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, लक्ष्मी-नारायणाचं जोडपं समजून त्यांचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अशी आमच्याकडे रीत. त्या दिवसापुरता जावई म्हणजे देव. आणि देवच भरल्या पानावरून उठून चालायला लागला की घराचं काय होतं, ते मी त्या दुपारी बघितलं. म्हणजे थोडंच बघितलं. बाकीचं परसातल्या संडासात बसून ऐकलं.

"अगं बाई, उठले की गं जावई!" हा आवाज कौसाआक्कांचा. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, या जेवणासाठी खास बार्शीहून आलेली. घरातल्या कुठल्याही भानगडीचा निकाल आक्का द्यायच्या, आणि पुरावा नंतर गोळा करायच्या.

"येतील, जरा मोकळ्या हवेत गेलेत," माझी बायको वृषाली म्हणाली.

"हवा कसली? रुसले!" आक्का म्हणाल्या. झाला निकाल.

मी तोवर परस ओलांडला होता. कमरेला मामींनी हौसेनं आणलेलं नवंकोरं धोतर. माणूस घाईत असताना धोतर किती लांब असतं, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला कळायचं नाही. मी ते गोळा करून गळ्याभोवती गुंडाळलं आणि पत्र्याचं दार लावून घेतलं.

*

माझं नाव दिगंबर ननवरे. मोहोळला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटारी येतात, त्यांच्या पोटातली करपलेली तार काढायची आणि नवी भरायची. त्या वेळी मी तेहतीस वर्षांचा होतो. आणि सात-आठ महिने मला शौचावाटे रक्त जात होतं.

ही गोष्ट मी मोजून तिघांना सांगितली होती, पण मोहोळात तिघांना सांगणं म्हणजे दवंडीच. दुकानात मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण मूळव्याधीतला तज्ज्ञ निघाला. बैठं काम, मिरची फार, चहा फार, झोप कमी. एकानं सांगितलं, डाव्या कुशीवर झोपा. दुसऱ्यानं सांगितलं, उजव्या. आमच्या आईनं सुरण सुरू केला. सुरणाची भाजी, सुरणाचे काप, सुरणाची टिक्की, ताकातला सुरण. मला स्वप्नात सुरण यायला लागले. शेजारच्या पंक्चरवाल्या मित्रानं प्रेमानं स्कूटरची जुनी ट्यूब हवा भरून दिली, तिच्यावर मी दुकानात बसायचो. गिऱ्हाईक उंच काउंटरपलीकडून बघून म्हणायचं, "दिगूभाऊ आज लई वर बसलाय!"

मग वजन उतरलं. तर लोक म्हणाले, "बॉडी मेंटेन केली गड्या, रहस्य काय?" मी म्हणायचो, सुरण. पुढच्या आठवड्यात बाजारात सुरण महागला म्हणतात, खरं-खोटं देव जाणे.

एके दिवशी एका विहिरीतली मोटार बघायला उतरलो, आणि चार पायऱ्या वर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली. विहिरीच्या काठावर आडवा पडून राहिलो. त्या रात्री वृषालीनं ताटातला सुरण उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बास. उद्या सोलापूर."

डॉक्टर बोल्ली म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई. पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञ. त्यांनी सुरणाबद्दल काहीच विचारलं नाही.

"घरात आधी कुणाला आतड्याचा त्रास?"

"वडील पोटाच्या दुखण्यानं गेले. मी लहान होतो. काय दुखणं ते कुणी सांगितलं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मूळव्याधच असेल बहुतेक. पण बहुतेकवर मी कुणाला घरी पाठवत नाही. हल्ली तिशी-पस्तिशीची माणसंही येतात माझ्याकडे, आणि वर्षभर मूळव्याधीचंच औषध घेऊन आलेली असतात. खालून दुर्बीण घालून बघू."

"खालून?"

"वरून दिसत नाही ना तिथलं."

तारीख मिळाली बुधवारची, संध्याकाळी पाचची. आणि मामींनी धोंड्याचं जेवण ठेवलं होतं तेही त्याच बुधवारी, सोलापुरातच, दुपारी साडेबाराला. कुणाही शहाण्या माणसानं दोन्हींपैकी एक पुढं ढकललं असतं. पण अधिक महिना संपत आला होता आणि वृषाली ही वृषाली होती. आमच्या घरात दोन कामं एका फेरीत झाली नाहीत तर पाप लागतं.

"जेवण साडेबाराला, डॉक्टर पाचला. मध्ये मोकळा वेळच आहे की," ती म्हणाली.

"वृषा, मला त्या दिवशी जेवायचं नाही. सकाळी दहापासून ते औषधाचं पाणी प्यायचंय. पोट साफ होईस्तोवर."

"मग नुसतं पाटावर बसायचं. बसायला काय जातंय?"

"घरी सांगूया का खरं?"

मामींना सांगितलं की मामांना कळणार होतं, आणि तिथंच सगळं अडत होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, निवृत्ती क्षीरसागर. कोर्टात नाझर होते, तेव्हा निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली होती. घरातही इस्त्रीचा शर्ट, वरच्या बटणापर्यंत लावलेला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात आमच्या दोघांत जे काही बोलणं झालं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "कसं काय?" "बरंय." "पाऊस?" "बेताचाच." मी त्यांच्यापुढं कधी जांभईसुद्धा दिली नव्हती. आता या माणसाला जाऊन सांगायचं, की मामा, पाच वाजता माझ्या बुडातून दुर्बीण घालणार आहेत?

"उपास आहे म्हणू," वृषाली म्हणाली.

*

उपासाचं सोंग वीस मिनिटं टिकलं.

"आज बुधवार. ना चतुर्थी, ना एकादशी. उपास कसला?" मामींनी विचारलं.

"नवस आहे," वृषाली म्हणाली.

मामी आत गेल्या. मला वाटलं, सुटलो. मी माडीवरच्या खोलीत बसून ती पुडी कालवलेल्या पाण्याचे पेले रिचवत होतो. चव म्हणाल तर लिंबाच्या सरबतात कुणीतरी साखरेऐवजी मीठ घातलंय, आणि मग त्याचा पश्चात्ताप होऊन आणखी मीठ घातलंय, अशी. तेवढ्यात मामी वर आल्या. हातात भगर, दाण्याची आमटी, शाबूचे वडे, रताळ्याचा कीस.

"उपासाचं केलं. आता काय अडचण नाही."

"मामी, पाण्यावरचा उपास आहे. नुसत्या पाण्यावरचा."

मामींचं तोंड एवढंसं झालं. तीन दिवस पुरण वाटत होत्या बिचाऱ्या. "बरं, खाऊ नका. पण पाटावर बसा, मी ओवाळते, धोंड्याला नुसता हात लावा. एवढं तरी?"

एवढं कसं नाही म्हणायचं? म्हणून मी धोतर नेसलो, खाली आलो, पाटावर बसलो. पाय धुऊन झाले, ओवाळून झालं, पान वाढलं. आणि औषधानं तोच मुहूर्त साधला.

पहिल्यांदा परत आलो तेव्हा पंगतीत कुणी घास घेतला नव्हता. आमटीत काही पडलंय का शोधावं तसे सगळे खाली बघत होते. मी पाटावर बसलो तशा कौसाआक्का सरकत जवळ आल्या आणि मला ऐकू जाईल, शिवाय गल्लीलाही ऐकू जाईल, अशा हळू आवाजात म्हणाल्या (सासरी मला बापूच म्हणतात), "बापू, मागच्या अधिकात थोरल्या जावयाला अंगठी केली, ती मनात आहे ना तुमच्या?"

"नाही ओ आक्का! कसली अंगठी?"

"असू द्या. माणसाच्या मनात राहतं. तुम्हालाबी करतील. पण उठू नका बाबा."

मी 'तसं काही नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या पोटातून असा आवाज आला की नळाला चार दिवसांनी पाणी येताना आधी हवा येते ना, तसा. मी उठलो. पंगतीतून सुस्कारा उमटला. मागच्या दारातून बाहेर पडताना आक्कांचं कानावर आलं, "अंगठी नको म्हणतात. मोठं काहीतरी आहे मनात."

दुसऱ्यांदा परत आलो तर मामींनी डोळ्याला पदर लावलेला. आक्का म्हणाल्या, "वृषीला धुणं जड जातंय, आम्हाला कळतंय की. वॉशिंग मशीन देतो. झालं?"

वृषालीनं ओठ आत दुमडून घेतले होते आणि तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, पोर रडतेय. मला माहीत होतं की ती हसतेय, आणि हेही माहीत होतं की गेल्या आठ दिवसांत ती रडत होती तेव्हाही खांदे असेच हलत होते. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिला हसू फुटलं. मी उठलो.

"अहो, मशीनवरनंबी उठले!" आक्कांचा आवाज आता खरोखर घाबरला होता. "भाऊ, तुझी स्कूटर दे. दुसरं काय राहिलंय घरात?"

मामांची स्कूटर म्हणजे घरातली तिसरी मुलगी. तिला मामांशिवाय कुणी हात लावत नसे. मला ते ऐकून इतकं ओशाळल्यासारखं झालं की परत गेलोच नाही. जाण्यासारखी अवस्थाही नव्हती. संडासातली बादली संपली होती. सोलापुरात पाणी चौथ्या दिवशी यायचं, बुधवारी तिसरा दिवस. मी कोपऱ्यात, गळ्यात धोतर, हातात रिकामा मग, आणि मनात विचार की माणसाची इज्जत किती बारीक दोऱ्यावर लोंबकळत असते.

दारावर टकटक झाली.

"बापू." मामांचा आवाज.

मी म्हटलं, "हो मामा."

"बादली ठेवलीय दाराशी. भरलेली."

"अहो, तुम्ही कशाला? मी घेतो की, आलोच, बसा तुम्ही."

"तुम्ही बसा," मामा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "बसलेलेच असाल."

सहा वर्षांत त्यांनी केलेला तो पहिला विनोद. मला हसावं की नाही कळेना. मला वाटलं, आता जातील. पण चपलांचा आवाज आला नाही. परसात त्यांची लोखंडी खुर्ची असायची, ती ओढल्याचा आवाज आला.

"माडीवर बाटली बघितली मी," दारापलीकडून मामा म्हणाले. "औषधाची पुडी पण बघितली. रक्त पडतंय का?"

मी दाराकडं बघत राहिलो. पत्र्यावर आतून कुणीतरी कधीकाळी हिरवा रंग दिला होता, त्याचे पोपडे निघाले होते.

"हो."

"किती दिवस झाले?"

"सात-आठ महिने."

"आणि मूळव्याध म्हणून बसून राहिलात."

"सगळे तसंच म्हणत होते, मामा. पाचला तपासणी आहे इथंच. दुर्बिणीची. खालून..."

"कळलं," मामा घाईनं म्हणाले.

आतून आक्कांचा आवाज येत होता, स्कूटरचे कागद कुठं आहेत म्हणून.

"कोर्टात माझ्या हाताखाली शिरसट म्हणून एक कारकून होता," मामा म्हणाले. "छत्तीस वर्षांचा. त्यालाबी असंच. मूळव्याध, मूळव्याध म्हणत दोन वर्षं काढली. मी त्याला रोज माझ्या डब्यातलं ताक द्यायचो. मला वाटायचं, ताकानं बरा होईल." खुर्ची करकरली. "त्याची बायको अजून भेटती बाजारात. ताकाचं अजून नाव काढती. लई केलं म्हणती तुम्ही."

मी हातातला रिकामा मग खाली ठेवला.

"भीती वाटते का?" त्यांनी विचारलं.

समोरासमोर विचारलं असतं तर मी 'छे छे' म्हटलं असतं. पण मध्ये पत्र्याचं दार होतं, आणि गळ्यात धोतर गुंडाळून बसलेल्या माणसाला लपवण्यासारखं उरतंच काय?

"लई वाटते, मामा."

"मलाबी," मामा म्हणाले.

खुर्ची मागं सरकली. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला, कोर्टात पुकारा व्हावा तसा कोरडा. "जावई रुसलेले नाहीत. त्यांची पोटाची तपासणी आहे, म्हणून त्यांना जेवता येत नाही. सगळ्यांनी जेवून घ्या. पाचला मी त्यांच्याबरोबर जातोय."

त्यावर आक्का. "म्हणजे स्कूटर नको का त्यांना?"

*

दवाखान्यात नर्सनं मला हिरवा अंगरखा दिला. पुढून बंद, मागून सताड उघडा, नाड्या लावलेला. मला वाटलं उलटा आलाय.

"नाही, असाच असतो. नाव काय तुमचं?"

"दिगंबर."

नर्सनं माझ्याकडं बघितलं, अंगरख्याकडं बघितलं. "मग बरोबर आहे," ती म्हणाली.

वृषाली औषधाच्या खिडकीशी गेली होती. मामा भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी मागं हात घालून नाड्या शोधत गोल गोल फिरत होतो. शेवटी ते वळले, माझ्यामागं आले आणि एकेक नाडी ओढून घट्ट बांधली, कोर्टातली फाइल बांधावी तशी. सुरगाठ मारून वर दोनदा थोपटून बघितली.

झोपेचं इंजेक्शन दिलं आणि दिवे मऊ झाले. पुढचं मला आठवत नाही. वृषालीनं सांगितलेलं सांगतो. जाग येताना मी डॉक्टरांचा हात धरून म्हणे अगदी गंभीरपणे सांगत होतो, "वॉशिंग मशीन चालेल आक्का, पण पुढून दार असलेलं द्या. मागून उघडं नको." डॉक्टर बोल्लींना काही उलगडा होईना. मामा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "देतो. पुढून दार असलेलंच देतो."

मग माझं डोकं नीट ताळ्यावर आलं आणि मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघितलं.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. उभ्या उभ्या सांगत नाहीत म्हणजे काय, ते कळलं मला.

"मूळव्याध नाही," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूला आतड्यात गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट येईपर्यंत मी नाव घेणार नाही. पण खोटा धीरही देणार नाही. ऑपरेशन लागेल. आणि एक चांगलं सांगते, आपण फार उशीर केलेला नाही."

भिंतीवर आतड्याचं मोठं रंगीत चित्र होतं, जिलबीसारखं. मी त्यात माझी जागा शोधत होतो. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आईपाशी मोहोळला होता, आणि त्याला मी संध्याकाळी भोवरा आणतो म्हणून सांगून आलो होतो. भोवरा घ्यायचा राहिलाच, हेच मनात घुटमळत राहिलं.

वृषाली म्हणाली, "यांनी कालपासून काही खाल्लं नाही. आता चालेल का जेवायला?"

"चालेल. हलकं द्या काहीतरी."

मामांनी पिशवीतून डबा काढला. मामींनी दिला होता. "धोंडा हलक्यात बसतो का?"

डॉक्टरांनी डब्यात डोकावून बघितलं. पुरण, तूप, वरून खसखस. "अजिबात बसत नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आज एक खाऊ दे त्यांना."

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं ओळीनं बसलो. मी धोंडा फोडला. अर्धा वृषालीला दिला. ती घास चावता चावता रडायला लागली, चावणं काही थांबवलं नाही, रडणंही नाही. मामा समोर बघत होते. "तूप कमी पडलंय," ते म्हणाले. तूप काही कमी नव्हतं.

*

रिपोर्टात जे यायचं तेच आलं. महिन्याभराच्या आत ऑपरेशन झालं, तेवढा आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली. माझ्याच धंद्यातलं काम म्हणा ना. जळलेलं काढायचं, उरलेलं सांधायचं. पुढं सहा महिने केमो. त्यातले काही दिवस असे गेले की सांगण्यासारखे नाहीत, म्हणून सांगत नाही. या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. मी ठणठणीत आहे, नेमानं दुर्बीण करून घेतो, आणि दर वेळी माझं नाव ऐकून कुठली ना कुठली नर्स तोच विनोद करते. डॉक्टरांनी बजावलं म्हणून माझ्या थोरल्या भावालाही दुर्बीण करायला लावली. तो तीन महिने तोंड लपवत होता. त्याच्या आतड्यात मांसाचा एक कोंब सापडला, तो तिथल्या तिथं काढून टाकला. कॅन्सर व्हायच्या आधीच. तो आता गावात सगळ्यांना सांगत सुटतो, नको तेवढ्या तपशिलात.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या दिवसांचं.

पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी संपावर जातात. ती कामावर परतली की नाही, हे कळायची एकच खूण. म्हणून सर्जन रोज सकाळी येऊन एकच प्रश्न विचारायचे, "गॅस पास झाला?" तो होत नाही तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी सर्जनांनी कपाळाला आठी घातली. जोड धरला नसेल, अडकलं असेल, पुन्हा उघडावं लागेल की काय, असं दाराबाहेर दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. ते मी ऐकलं, वृषालीनं ऐकलं, आणि मामांनीही.

मामा दिवसभर माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून असायचे. वर्तमानपत्र उघडून, एकच पान. त्यांच्या तोंडून तो शब्द येणं शक्यच नव्हतं. म्हणून दर तासाभरानं ते पेपराच्या वरून बघायचे आणि विचारायचे, "काही बातमी?"

"नाही, मामा."

"बरं." पुन्हा पेपर.

घरी मामींनी देव पाण्यात घातले होते. माणसं निवडणुकीसाठी घालतात, परीक्षेसाठी घालतात. माझ्या सासूबाईंनी जावयाच्या वाऱ्यासाठी घातले. बार्शीहून आक्कांचा फोन यायचा, आणि आक्कांना आडपडदा माहीत नव्हता. "सुटला का?" एवढंच विचारायच्या, आणि नाही म्हटलं की, "ओवा द्या की ओ!"

पाचव्या दिवशी दुपारी वृषाली डोळे सुजवून खाली चहाला गेली होती. मामा स्टुलावर, मी छताकडं बघत. पोटात डावीकडं काहीतरी हललं. आधी वाटलं भास. मग एक गुडगुड निघाली, ती रमतगमत, वळणावळणानं पुढं सरकली. जोडाच्या जागी आली, थबकली. मी खाटेची कड धरली. मामांनी पेपर खाली केला. त्यांनी माझा चेहरा बघितला, पण 'काही बातमी?' विचारलं नाही.

ज्या माणसापुढं मी सहा वर्षांत जांभई दिली नव्हती, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून मी तो सोडला. लांबलचक, खणखणीत, पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा.

मामा उठले. पेपर पडला, स्टूल पडलं. माझे दोन्ही गाल हातात धरले, आणि इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस दार ढकलून कॉरिडॉरमध्ये पळत सुटला. "झाला! वृषी, अगं झाला! सिस्टर, झाला! डॉक्टरांना सांगा, झाला एकदाचा!"

समोरच बाळंतिणींचा वॉर्ड होता. तिथं पेढ्यांचा पुडा घेऊन कुणी आजोबा उभे होते. त्यांनी मामांना अडवून आनंदानं मिठीच मारली.

"अभिनंदन! काय झालं, मुलगा का मुलगी?"

मामांना धाप लागली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी त्या पुड्यातला एक पेढा उचलला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं,

"जावई!"